पाळी गेल्यानंतरची हाडे आणि कांडवेलीचे चूर्ण

परवा साठीच्या एक बाई मनगटाला प्लॅस्टर घालून दवाखान्यात आल्या. मोरीत पाय घसरला, तोल सावरायला हात टेकला आणि मनगट मोडले. पडणे तसे साधेच. पंचविशीतली सून तशी पडली असती, तर मुक्या मारावर निभावले असते. बाईंनी पिशवीतून दोन पुड्या काढून टेबलावर ठेवल्या. एक कांडवेलीचे चूर्ण, शेजारणीने दिलेले. दुसरी आठवडी बाजारातली, नाव-गाव नसलेली, गुडघेदुखीसाठी दोन वर्षे चालू असलेली. त्यांनी विचारले, "डॉक्टर, यांतली कोणती घेऊ म्हणजे हाडे पुन्हा मोडायची नाहीत?"

हा प्रश्न अनेक घरांत विचारला जातो. म्हणून आज त्याचेच उत्तर पाहू.

हाडे ठिसूळ का होतात?

हाड म्हणजे निर्जीव दगड नव्हे. त्याची डागडुजी आयुष्यभर चालू असते. काही पेशी जुने हाड पोखरून काढतात, तर दुसऱ्या पेशी तेथे नवे भरतात. तिशीपर्यंत भर जास्त होते. पुढे हळूहळू पोखरण वरचढ ठरते. स्त्रीच्या शरीरातील इस्ट्रोजेन हे संप्रेरक या पोखरणाऱ्या पेशींना लगाम घालते. पाळी गेली की हा लगाम सैल पडतो. पहिल्या पाच-सात वर्षांत हाडांचा जवळजवळ पाचवा हिस्सा कमी होऊ शकतो. यालाच ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडांचा ठिसूळपणा म्हणतात.

ही झीज दुखत नाही. म्हणून ती कळत नाही. मनगट, मणका किंवा खुबा मोडतो तेव्हाच ती उघडी पडते. उंची कमी होणे, पाठीला पोक येणे, जड उचलताना पाठीत एकदम कळ येणे, ही तिची काही लक्षणे. खुब्याचे हाड मोडले तर चालती-फिरती बाई अंथरुणाला खिळते आणि त्यातून जिवावरही बेतू शकते.

आपल्याकडे पाळी साधारण पंचेचाळिशीनंतर, पन्नाशीच्या आत जाते. मात्र गर्भपिशवी काढताना बीजांडकोषही काढले असतील, तर झीज त्याच दिवसापासून सुरू होते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड भगिनींच्या अशा शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. ज्यांचे ऑपरेशन तरुणपणी झाले आहे, त्यांनी हाडांची काळजी साठीपर्यंत लांबवू नये.

कांडवेल काय करते?

कांडवेलीला हाडसांधी असेही म्हणतात. संस्कृतात ती अस्थिशृंखला. चौधारी, सांध्यासांध्यांची ही वेल मोडलेल्या हाडावर पिढ्यान्‌पिढ्या वापरली जाते. लाक्षा गुग्गुळात ती लाख, अर्जुन, अश्वगंधा यांच्या जोडीला असते. बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. के. एन. उडुपा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात प्राण्यांवर प्रयोग केले. त्यांत या वेलीने मोडलेले हाड लवकर सांधते असे दिसले. पुढे बीजांडकोष काढलेल्या उंदरांच्या माद्यांवरही हाडांची झीज कमी झाल्याचे आढळले.

परंतु एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. मोडलेले हाड सांधणे वेगळे आणि झिजणारे हाड राखणे वेगळे. पहिले काम काही आठवड्यांचे, दुसरे पुढच्या सगळ्या आयुष्याचे. कांडवेल घेणाऱ्या स्त्रियांचे खुबे कमी मोडतात, असे दाखवणारा मोठा पुरावा नाही. जाणत्या वैद्यांच्या सल्ल्याने ती जरूर घ्यावी, पण तिच्या भरवशावर बाकीचे उपाय सोडू नयेत. कच्ची वेल तर खाऊच नये, घशाला खाज सुटते.

इतर वनस्पती

शतावरीत इस्ट्रोजेनसारखे गुण आहेत असे मानले जाते, पण माणसांच्या हाडांवर तिचा परिणाम सिद्ध झालेला नाही. स्तनाचा कर्करोग झालेल्या स्त्रियांनी ती परस्पर घेऊ नये. अश्वगंधेने काहींना झोप बरी लागते. परंतु तिने थायरॉइडचे संप्रेरक वाढू शकते आणि ते जास्त झाले तर हाडे उलट झिजतात. थायरॉइडच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी आणि यकृताचा विकार असणाऱ्यांनी विचारूनच घ्यावी.

सोयाबीनमधल्या इस्ट्रोजेनसारख्या द्रव्याचा मोठा गाजावाजा झाला होता. अमेरिकेत २४८ स्त्रियांना दोन वर्षे त्याच्या गोळ्या देऊन पाहिल्या. २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तो असा की हाडांची झीज त्याने थांबली नाही. सोयाबीन प्रथिनांसाठी खावे. गोळ्यांवर पैसे घालवू नयेत.

बिननावाची पुडी

आता त्या दुसऱ्या पुडीविषयी. ती घेतली की दोन-चार तासांत दुखणे थांबते, असे बाई कौतुकाने सांगत होत्या. त्यांचा चेहरा मात्र गोल, सुजल्यासारखा झाला होता आणि हाताच्या पातळ कातडीवर निळे डाग होते. ही स्टेरॉइडची लक्षणे. 'जडीबुटी' म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. आणि स्टेरॉइडइतके हाडे पोखरणारे दुसरे औषध क्वचितच असेल! हाडांसाठी घेतलेली पुडीच हाडे खाते. अशी पुडी महिनोन्‌महिने चालू असेल, तर मनाने एकदम बंद करू नका, तेही धोक्याचे असते. डॉक्टरांना दाखवून हळूहळू सोडावी.

भस्मांचेही तसेच. २००४ मध्ये अमेरिकेतील बोस्टन भागातल्या दुकानांतली ७० आयुर्वेदिक औषधे तपासली, तेव्हा १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. पोटात गेलेले शिसे हाडांतच साठते. म्हणून उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक आणि मुदत छापलेली नसेल, तर ते औषध घेऊ नका.

खरा आधार स्वयंपाकघरात

पाळी गेलेल्या स्त्रीला रोज सुमारे १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. १०० ग्रॅम नाचणीत ते साडेतीनशेच्या आसपास असते. दोन नाचणीच्या भाकऱ्या, दोन पेले दूध, वाटीभर दही आणि दोन चमचे न सडलेल्या तिळाची चटणी एवढ्यातच हजाराचा पल्ला गाठता येतो. शेवग्याच्या पाल्याची भाजी, अहाळीव हेही चांगले. डाळी, उसळी, चालत असेल तर अंडी-मासळी हवीच, कारण हाडाची वीण प्रथिनांची असते. मीठ, लोणचे, पापड बेताने. मिश्री आणि तंबाखू सोडावी.

कॅल्शियम अंगी लागायला 'ड' जीवनसत्त्व हवे. आपल्याकडे ऊन भरपूर, तरीही त्याची कमतरता फार आढळते. रोज अर्धा तास तोंड-हात उघडे ठेवून उन्हात बसावे. भागत नसेल तर गोळ्या घ्याव्यात, पण मुतखड्याचा त्रास असेल तर विचारून. रोज अर्धा तास चालावे. हाडावर भार पडला तरच ते भरते. आणि पडणे टाळावे. मोरी कोरडी ठेवावी, रात्री दिवा असावा, मोतीबिंदूचे ऑपरेशन लांबवू नये.

तपासणी केव्हा?

डेक्सा नावाची तपासणी मोठ्या शहरांत होते. ती दुखत नाही. वय ६५ झाले असेल, किंवा त्याआधीच किरकोळ पडण्याने हाड मोडले असेल, पाळी ४५ च्या आत गेली असेल, स्टेरॉइड घेतले असेल, तर ती जरूर करावी. झीज जास्त निघाली तर हाड मोडण्याचा धोका खरोखर कमी करणारी औषधे आज मिळतात. तेथे चूर्णावर वेळ घालवणे महागात पडते.

त्या बाईंना मी कांडवेलीची पुडी परत दिली. "वैद्यांना विचारून घ्या," म्हटले. दुसरी ठेवून घेतली आणि ती हळूहळू कशी सोडवायची ते चिठ्ठीवर लिहून दिले. शिवाय डेक्सासाठीही चिठ्ठी दिली. एकदा मनगट मोडले, ही निसर्गाने दिलेली सूचना असते. पुढची पाळी खुब्याची येऊ नये, एवढेच आपल्या हाती आहे.