डोंगराळ शहरातील मॅरेथॉन : धावपटूंच्या अनुभवाचे एक विवेचन

प्रस्तावना

दीर्घ अंतराची धावण्याची शर्यत ही एकेकाळी केवळ निवडक क्रीडापटूंची मिरासदारी मानली जात होती. गेल्या दोन दशकांत हे चित्र पालटले आहे. २००४ साली मुंबई मॅरेथॉनला प्रारंभ झाला आणि त्यानंतर महाराष्ट्रातील लहान-मोठ्या शहरांतून अशा शर्यतींची एक परंपराच निर्माण झाली. शिक्षक, डॉक्टर, बँक कर्मचारी, गृहिणी, निवृत्त अधिकारी असे समाजाच्या विविध स्तरांतील लोक या शर्यतींत सहभागी होऊ लागले. या परंपरेत डोंगरउतारावर वसलेल्या शहरांतील शर्यतींचे स्थान काहीसे वेगळे आहे. सपाट रस्त्यावर धावताना धावपटूचा संवाद प्रामुख्याने घड्याळाशी असतो. चढावर मात्र त्याला स्वतःच्या श्वासाशी, पोटऱ्यांशी आणि मनाशी संवाद करावा लागतो. हा अनुभव नेमका कसा घडतो, त्यामागील शारीरिक व मानसिक कारणे कोणती आणि त्यातून महाविद्यालयीन क्रीडा शिक्षणाने काय घ्यावे, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

चढाच्या शर्यतीची ऐतिहासिक पार्श्वभूमी

मॅरेथॉन आणि चढ यांचे नाते या शर्यतीच्या जन्मापासूनचे आहे. १८९६ साली अथेन्स येथे झालेल्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन या गावापासून अथेन्सपर्यंत सुमारे ४० किलोमीटरची शर्यत झाली. या मार्गाच्या मधल्या भागात दीर्घ चढ आहे. साधारण ३१ किलोमीटरनंतर रस्ता अथेन्सकडे उतरू लागतो. आरंभी वेगाने आघाडी घेणारा फ्रान्सचा लेर्म्यूझियो चढ संपता संपता शर्यतीबाहेर पडला. त्याच ऑलिंपिकमध्ये ८०० व १५०० मीटर शर्यती जिंकणारा ऑस्ट्रेलियाचा एडविन फ्लॅक अखेरच्या टप्प्यात कोसळला. बेताने धावलेला ग्रीसचा स्पिरिडॉन लुईस विजयी ठरला. आरंभीचा उत्साह आणि चढानंतरची शक्ती यांचा ताळमेळ ज्याला साधतो तोच अखेरपर्यंत पोहोचतो, हा धडा पहिल्याच शर्यतीने दिला.

बोस्टन मॅरेथॉनचे उदाहरणही बोलके आहे. या शर्यतीची अंतिम रेषा प्रारंभस्थानापेक्षा सुमारे १४० मीटर खाली आहे. म्हणजे हा मार्ग एकंदरीने उताराचाच आहे. तरीही न्यूटन या उपनगरातील टेकड्यांचा धावपटूंनी धसका घेतलेला असतो. त्यांपैकी शेवटची टेकडी 'हार्टब्रेक हिल' म्हणजे हृदयभंगाची टेकडी या नावाने ओळखली जाते. १९३६ च्या शर्यतीत आदल्या वर्षीचा विजेता जॉन केली याने या टेकड्यांवर एलिसन ब्राऊन याला गाठले आणि पुढे जाताना त्याच्या पाठीवर थाप मारली. त्या थापेने डिवचला गेलेला ब्राऊन पुन्हा उसळून पुढे गेला व जिंकला. केली पाचवा आला. एका क्रीडापत्रकाराने या प्रसंगाचे जे वर्णन केले त्यातून टेकडीला हे नाव मिळाले. वास्तविक ही टेकडी जेमतेम २७ मीटर उंचीची आहे. परंतु ती सुमारे ३२ किलोमीटर अंतर कापून झाल्यावर समोर येते. यावरून असे म्हणता येईल की, चढाची कठीणता त्याच्या उंचीवर जितकी अवलंबून असते तितकीच तो शर्यतीत कोठे येतो यावरही असते. मुंबई मॅरेथॉनमध्ये परतीच्या टप्प्यात येणारा पेडर रोडचा चढ धावपटूंच्या बोलण्यात वारंवार येतो, त्याचेही कारण हेच आहे.

सातारा : एक प्रातिनिधिक उदाहरण

महाराष्ट्राच्या संदर्भात डोंगराळ शहरातील शर्यतीचे ठळक उदाहरण म्हणजे सातारा येथे २०१२ पासून सुरू झालेली हिल मॅरेथॉन. ही २१.१ किलोमीटरची, म्हणजे अर्धमॅरेथॉन शर्यत आहे. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसलेल्या शहरातून निघून धावपटू यवतेश्वर घाट चढतात, कासच्या रस्त्याने पुढे जातात आणि त्याच वाटेने शहरात परततात. ज्या कास पठाराच्या दिशेने हा रस्ता जातो, त्याचा समावेश २०१२ सालीच पश्चिम घाटातील जागतिक वारसास्थळांत झाला. शर्यत पावसाळ्याच्या उत्तरार्धात होत असल्याने दरीतून वर येणारे धुके, अंगावर येणारी पावसाची सर आणि हिरवे डोंगर हा अनुभवाचा अविभाज्य भाग ठरतो.

या जिल्ह्याला धावण्याची स्वतःची ओळख आहे. माण या अवर्षणप्रवण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर यांनी मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिला गटात यश मिळवले आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीची अंतिम फेरी गाठून दहावे स्थान मिळवले. अशा भूमीत होणारी शर्यत नागरिकांना आपली वाटणे स्वाभाविक आहे.

चढावरील अनुभव : शरीराची बाजू

घाटाच्या पहिल्या वळणावर नवख्या धावपटूला जाणवणारी पहिली गोष्ट म्हणजे वेग अचानक घटतो, पण दम मात्र वाढतो. याचा उलगडा साध्या गणिताने होतो. ६० किलो वजनाची व्यक्ती सपाट रस्त्यावर एक किलोमीटर धावण्यासाठी स्थूलमानाने ६० किलोकॅलरी खर्च करते. म्हणजे १० किलोमीटरला ६०० किलोकॅलरी. हीच व्यक्ती तेवढ्याच अंतरात ३०० मीटर उंची चढली तर शरीर वर उचलण्याचे यांत्रिक कार्य सुमारे ४२ किलोकॅलरी इतके भरते. परंतु स्नायूंची कार्यक्षमता साधारण पाव हिश्श्याइतकीच असल्याने त्यासाठी शरीराला सुमारे १७० किलोकॅलरी जाळाव्या लागतात. खर्च पाव हिश्श्याहून अधिक वाढतो. म्हणून चढावर सपाटीचा वेग राखण्याचा अट्टाहास करणारा धावपटू पुढच्या अंतरासाठी राखून ठेवलेली शक्ती आधीच उधळत असतो.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख आवश्यक आहे. डोंगरावर दम लागतो तो हवा विरळ असल्यामुळे, असे अनेकदा बोलले जाते. सह्याद्रीतील अशा शर्यतींची उंची समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या आसपास असते आणि तेवढ्या उंचीवर प्राणवायूची कमतरता सामान्य धावपटूला फारशी जाणवत नाही. दम लागतो तो गुरुत्वाकर्षणाविरुद्ध करावयाच्या कामामुळे. त्यात पावसाळी दमट हवेची भर पडते. हवेत आधीच बाष्प असल्याने घाम वाळत नाही आणि शरीर थंड होण्याची क्रिया मंदावते. वातावरण गार वाटत असतानाही शरीर आतून तापलेले असू शकते, हे नवख्या धावपटूच्या ध्यानी येत नाही.

उताराचा फसवा दिलासा

घाटमाथ्यावरून परत फिरताना बहुतेकांना हायसे वाटते. श्वास सुटसुटीत होतो, पाय आपोआप पडू लागतात. मिनेट्टी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार सुमारे २० टक्के उतारावर धावण्याचा ऊर्जाखर्च सपाटीच्या जवळपास निम्म्यावर येतो. त्याहून तीव्र उतारावर तो पुन्हा वाढू लागतो. तथापि ऊर्जा वाचली म्हणजे शरीराची झीजही वाचली असे होत नाही. उतारावर मांडीच्या पुढच्या स्नायूंना प्रत्येक पावलागणिक शरीराला आवर घालावा लागतो. स्नायू ताणला जात असतानाच त्याला बळ लावावे लागते आणि या प्रकारच्या कामात स्नायुतंतूंना सूक्ष्म इजा होते. म्हणूनच शर्यतीच्या दिवशी आनंदात घरी गेलेला धावपटू दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठड्याचा आधार घेतो. हे दुखणे साधारणतः २४ ते ७२ तासांच्या दरम्यान सर्वाधिक असते.

यावर उपायही शरीरातच आहे. शर्यतीपूर्वी काही आठवडे उतारावर बेताने धावण्याचा सराव केल्यास स्नायू त्या ताणाशी जुळवून घेतात व पुढील वेळी इजा कमी होते. केवळ चढाचा सराव करून उतार गृहीत धरणे ही सर्वसाधारणपणे आढळणारी चूक होय. उतारावर लांब ढांगा न टाकता लहान व जलद पावले टाकणे आणि शेवाळलेल्या कडेऐवजी रस्त्याच्या कोरड्या भागातून धावणे, हे अनुभवी धावपटूंचे साधे नियम आहेत.

मानसिक व सामाजिक बाजू

चढाची शर्यत धावपटूच्या मनातील मोजमाप बदलते. सपाटीवर 'किती मिनिटांत किलोमीटर' हा प्रश्न असतो. घाटात 'किती श्रमात' हा प्रश्न पुढे येतो. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी स्वतःला जाणवणारे श्रम अंकांत मोजण्याची जी पद्धत मांडली, तिचा उपयोग येथे होतो. ज्याला आपले श्रम ओळखता येतात तो चढावर निःसंकोचपणे चालू लागतो. प्रारंभी चालणे म्हणजे हार मानणे असे वाटणारा धावपटू, वेगाने चालणारा सहकारी आपल्या बरोबरीने वर पोहोचतो हे पाहून आपले मत बदलतो. अहंकाराचा हा निचरा हा चढाच्या शर्यतीचा महत्त्वाचा अनुभव मानावा लागेल.

एकाच रस्त्याने जाणे-येणे असलेल्या मार्गाचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. घाट चढणाऱ्यांना उतरून येणारे अग्रणी धावपटू समोर दिसतात. शहरी सपाट शर्यतीत विजेते आणि सामान्य सहभागी यांची गाठ क्वचितच पडते. येथे ते एकमेकांना हात करतात. शर्यतीच्या मार्गावर कोठे ढोल-ताशा, कोठे लेझीम, कोठे पाण्याचा पेला घेऊन उभी असलेली शाळकरी मुले असतात. ज्या धावपटूचे नावही ठाऊक नाही त्याला मिळालेले प्रोत्साहन त्याच्या पायांत बळ आणते. मात्र शहराला यासाठी किंमत मोजावी लागते हेही नमूद करणे आवश्यक आहे. रस्ते काही काळ बंद राहतात, भाजीवाले, दूधवाले, पठारावरील गावांतून येणारे लोक खोळंबतात. त्यांना पूर्वसूचना देणे आणि रुग्णांसाठी वाट मोकळी ठेवणे हे आयोजनाचे किमान कर्तव्य होय.

स्त्रियांच्या सहभागाचा विचारही येथे महत्त्वाचा ठरतो. बोस्टन मॅरेथॉनमध्ये स्त्रियांना अधिकृत प्रवेश १९७२ साली, तर ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये १९८४ साली मिळाला. आज प्रवेशिका खुली आहे; पण सराव पहाटेच्या अंधारात, निर्जन घाटरस्त्यावर करावा लागतो. त्यामुळे स्त्री धावपटूंच्या अनुभवात गटाचे महत्त्व पुरुषांपेक्षा अधिक असते. सोबत असेल तरच घाट उपलब्ध होतो, ही वस्तुस्थिती आहे.

सुरक्षितता : दुर्लक्षून न चालणारा प्रश्न

या शर्यतींच्या उत्साहात धोक्यांकडे डोळेझाक होऊ नये. अमेरिकेत २००० ते २०१० या काळातील सुमारे १ कोटी ९ लाख मॅरेथॉन व अर्धमॅरेथॉन धावपटूंच्या नोंदींवर आधारित, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ५९ जणांचे हृदय शर्यतीच्या वेळी बंद पडल्याचे आढळले. त्यांत ५१ पुरुष होते आणि एकूण ४२ जण दगावले. प्रमाण अत्यल्प आहे, यात शंका नाही. परंतु वाचलेल्यांच्या बाबतीत जवळच्या व्यक्तीने तत्काळ छातीवर दाब देऊन केलेले उपचार निर्णायक ठरले, ही त्यातील मोलाची बाब आहे. घाटात एकच अरुंद रस्ता आणि त्यावर धावपटूंची गर्दी असताना रुग्णवाहिका पोहोचण्यापूर्वीची पहिली काही मिनिटे शेजारच्या माणसाच्याच हाती असतात.

पाण्याबाबतही विवेक हवा. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावपटूंच्या रक्ततपासणीत १३ टक्के जणांच्या रक्तातील सोडियम प्रमाणापेक्षा कमी आढळले आणि शर्यतीत वजन वाढलेल्यांत, म्हणजे गरजेपेक्षा अधिक द्रव प्यालेल्यांत, हा धोका ठळक होता. 'मिळेल तेथे पाणी प्या' हा सल्ला सरसकट योग्य नाही. तहानेनुसार पिणे हे अधिक शहाणपणाचे.

महाविद्यालयांची भूमिका

अशा शर्यतींत राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक व क्रीडा विभागाचे विद्यार्थी काम करू शकतात. त्यांना केवळ पाणीवाटप व गर्दी आवरणे एवढ्यापुरते मर्यादित न ठेवता हृदयपुनरुज्जीवनाचे प्राथमिक प्रशिक्षण दिल्यास शर्यत अधिक सुरक्षित होईल आणि ते कौशल्य विद्यार्थ्याला आयुष्यभर पुरेल. चाळिशीनंतर प्रथमच धावू लागलेल्या प्राध्यापकांनी शर्यतीपूर्वी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. छातीत दुखणे, भोवळ किंवा अनाकलनीय धाप जाणवल्यास थांबावे, ही शिकवण वर्गात आणि मैदानावर दोन्हीकडे द्यावयास हवी. अंतिम रेषा गाठण्याचे कौतुक समाज करतो. योग्य वेळी माघारी फिरण्याच्या निर्णयाचेही कौतुक करावयास शिकले पाहिजे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. चढाची कठीणता त्याच्या उंचीबरोबरच शर्यतीतील त्याच्या स्थानावर अवलंबून असते.

२. चढ श्वासाची व उतार स्नायूंची परीक्षा घेतो. म्हणून सराव दोहोंचा हवा.

३. डोंगराळ शर्यत धावपटूला वेळेपेक्षा श्रम मोजावयास शिकवते आणि स्वतःच्या मर्यादांची जाणीव करून देते.

४. मार्गावरील नागरिकांच्या सहभागामुळे वैयक्तिक प्रयत्नाला सामूहिक उत्सवाचे रूप येते; तथापि त्यांची गैरसोय व धावपटूंची सुरक्षितता यांची जबाबदारी आयोजक, शैक्षणिक संस्था व सहभागी यांनी वाटून घेणे अगत्याचे आहे.

घाटात प्रत्येकाचा वेग निराळा असतो, चढ मात्र सर्वांना सारखाच असतो. या समान चढावर स्वतःची चाल ओळखणे आणि शेजाऱ्याकडे लक्ष ठेवणे, या दोन गोष्टी विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचल्या, तर अशा शर्यतींचे शैक्षणिक मूल्य पदकांपलीकडचे ठरेल.