हवेत ठोसा, पडद्यावर मार
घरात ‘आर्म्स’ पहिल्यांदाच खेळणार असाल, तर आधी टीव्हीसमोरची जागा मोकळी करा. निन्टेन्डो स्विच या गेम कन्सोलवर जून २०१७मध्ये आलेल्या या मारामारीच्या खेळात दोन्ही मुठींत एकेक जॉय-कॉन कंट्रोलर धरायचा. आतले जायरोस्कोप आणि त्वरणमापक हाताची प्रत्येक हालचाल टिपतात. हात पुढे झटकला की ठोसा, मनगट वळवलं की तो वळसा घेतो, दोन्ही हात एकदम झटकले की पकड. नवख्याला बचाव मात्र लवकर सुचत नाही: दोन्ही जॉय-कॉन आतल्या बाजूला झुकवायचे. ताकद लावून उपयोग नाही. छोटा, नेमका झटका पुरतो. मनगटाचा पट्टा घालाच. २००६मध्ये निन्टेन्डोच्या ‘वी’ या जुन्या कन्सोलच्या रिमोटचे पट्टे तुटू लागले, तेव्हा कंपनीला ते बदलून जाड पट्टे द्यावे लागले होते.