कोसंबींचे सूत्र आणि तुरीचा नकाशा

लातूरच्या बाजारात येणारी तूर असो की नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने ‘एनएचएच ४४’सारखे वाण दिलेली कपाशी, या पिकांच्या जनुकांचा नकाशा काढताना आजही एका गणितज्ञाचे सूत्र हाताशी लागते. तो गणितज्ञ म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी. गोव्यात १९०७ साली जन्मलेले कोसंबी आपल्याला ठाऊक आहेत ते इतिहासकार म्हणून. जीवशास्त्राला त्यांनी दिलेली ही देणगी क्वचितच कुणी सांगते, याची खंत वाटते.

बीजपेशी तयार होताना गुणसूत्रांच्या जोडीत तुकड्यांची अदलाबदल होते. दोन जनुके जितकी दूर, तितकी त्यांची ताटातूट होण्याची शक्यता जास्त. समजा, चाचणी संकरातल्या शंभर रोपांपैकी वीस रोपांत उंची आणि फुलाचा रंग यांची जोडी फुटलेली दिसली. मग नकाशावर या दोन जनुकांतले अंतर वीसच धरायचे? नाही. दोनदा अदलाबदल झाली तर जोडी पुन्हा जुळते आणि मोजणीतून निसटते. जनुकशास्त्रज्ञ हाल्डेन यांच्या १९१९ च्या सूत्राने हे अंतर २५.५ सेंटिमॉर्गन (जनुकांमधले अंतर मोजण्याचे एकक) येते. पण त्यात प्रत्येक अदलाबदल स्वतंत्र मानलेली आहे. प्रत्यक्षात एका ठिकाणी ती झाली की अगदी शेजारी दुसरी सहसा होत नाही. अंतर वाढेल तसा हा अटकाव ओसरतो. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवणाऱ्या कोसंबींनी १९४४ साली नेमके हेच समीकरणात बसवले. त्यांचे उत्तर २१.२.

तुरीत मर रोगाला दाद न देणाऱ्या जनुकाजवळची खूण शोधणाऱ्याला हा चारेक एककांचा फरक फार मोलाचा असतो.