चंद्राच्या गणितात चूक नेमकी कुठे?

सॉफ्टवेअरमधला चंद्र आकाशातल्या चंद्राशी जुळला नाही, की बहुतेक जण सूत्रात आणखी पदे घालायला बसतात. चंद्राचा लौकिकच तसा आहे. पृथ्वीबरोबर सूर्यही त्याला ओढतो, आणि या ओढाताणीचा हिशेब मांडताना अर्नेस्ट ब्राउन यांना 1919च्या कोष्टकांसाठी सुमारे दीड हजार पदे लागली. तरीही पदे वाढवणे हा पहिला उपाय नव्हे. ज्याँ मेयस यांच्या संक्षिप्त रीतीत भोगासाठी साठेक पदेच आहेत, आणि चूक राहते ती 10 विकलांच्या आसपास. चंद्रबिंब असते सुमारे 1,860 विकलांचे. नुसत्या डोळ्यांना जाणवणारी चूक असेल, तर तिचे मूळ दुसरीकडे शोधावे.

एक म्हणजे लंबन. सूत्रातून येणारे स्थान पृथ्वीच्या केंद्रातून पाहिलेले असते. पुण्यातल्या गच्चीवरचा निरीक्षक त्या केंद्रापासून जवळपास 6,400 किलोमीटरवर उभा असतो. चंद्र क्षितिजालगत असताना एवढ्यानेच तो सुमारे 57 कला, म्हणजे जवळजवळ दोन बिंबे, खाली दिसतो. 57 कला म्हणजे 3,420 विकला; त्यापुढे दहा विकलांची काय कथा! दुसरे मूळ घड्याळात आहे. ग्रहगणिताचा काळ एकसारखा वाहतो, पृथ्वीचे फिरणे मात्र शतकानुशतके मंदावत आले आहे. दोहोंतला फरक, म्हणजे ‘डेल्टा टी’, आज सुमारे 69 सेकंद आहे. चंद्र सेकंदाला अर्ध्या विकलेहून थोडा जास्त सरकतो, तेव्हा हा फरक विसरणाऱ्याचा चंद्र 38 विकला मागे राहतो. जुन्या ग्रहणांत तर अनर्थच होतो. इसवी सनपूर्व 136 मध्ये बॅबिलोनला खग्रास सूर्यग्रहण दिसल्याची नोंद आहे. पृथ्वी तेव्हाही आजच्याच वेगाने फिरत होती असे धरले, तर ग्रहणाचा पट्टा सुमारे 49 अंश पश्चिमेला जातो.

मग नासाच्या जेपीएलची ‘डीई440’ ही तयार फाइलच का घेऊ नये? जरूर घ्यावी. अपोलोच्या अंतराळवीरांनी ठेवलेल्या परावर्तकांवर लेसर सोडून मोजलेली अंतरे तिच्या मुळाशी आहेत. पण पाहणारा कुठे उभा आहे, हे तिला ठाऊक नसते. अक्षांश-रेखांश आणि डेल्टा टी आपणच जोडायचे असतात. पंचांगकर्ते म्हणतील, तिथी पृथ्वीकेंद्री असते, आम्हाला लंबन कशाला? खरे आहे. मात्र 10 विकलांच्या चुकीने तिथीची समाप्ती वीसेक सेकंद हलते, तर विसरलेल्या डेल्टा टीने मिनिटाहून जास्त. पदांची खरी गरज पडते ती पिधानात. तारा चंद्राच्या कडेआड क्षणार्धात नाहीसा होतो. ती वेळ सेकंदापर्यंत हवी, तर चंद्राचे स्थान अर्ध्या विकलेपर्यंत बिनचूक लागते. तारा कडेला नुसता घासून जाणार असेल, तर तेवढ्यानेही भागत नाही: एक विकला म्हणजे तिथले सुमारे 1.9 किलोमीटर, म्हणून ल्युनर रिकॉनिसन्स ऑर्बिटरने मोजलेल्या डोंगरदऱ्यांच्या उंचीही हिशेबात घ्याव्या लागतात.