पेनड्राईव्हवरून संगणक सुरू करताना
(एक विद्यार्थी, बी.कॉम., द्वितीय वर्ष)

गेल्या मार्चअखेरीस निपाणीतील आमच्या काकांच्या अडत दुकानातील संगणक अचानक बंद पडला. कळ दाबली की पडद्यावर पांढरी अक्षरे उमटत आणि यंत्र तेथेच थांबे. दोन वर्षांची उधारीची खाती त्यात होती व दुसरी प्रत कोठेही नव्हती. (कॉमर्सचा पुतण्या घरात असताना ही स्थिती! दोष माझाही आहेच.) दुरुस्ती करणाऱ्याने सांगितले, "डिस्क फॉर्मॅट करावी लागेल." म्हणजे सर्व पुसून नव्याने मांडणे. काकांनी त्या रात्री जेवण टाकले.

अशा वेळी उपयोगी पडणारी युक्ती पुष्कळांना ठाऊक नसते, म्हणून हा लेख.

संगणक चालविणारी मूळ प्रणाली, म्हणजे विंडोज किंवा लिनक्स, डिस्कवर असते. ती तेथून उचलून स्मृतीत आणावयाची तर आणणारा कोणीतरी आधीच जागा असला पाहिजे. तिजोरीची किल्ली तिजोरीतच राहिल्यासारखा हा पेच आहे. तो सोडविण्यासाठी यंत्राच्या मुख्य पाटीवर एका चिपमध्ये लहानसा कार्यक्रम कायमचा बसविलेला असतो. जुन्या यंत्रांत त्यास बायॉस म्हणत, नव्यांत यूईएफआय. तो प्रथम स्मृती, कळफलक इत्यादींची तपासणी करतो व मग प्रणाली कोठे आहे ते ठरलेल्या क्रमाने शोधतो. बायॉसच्या पद्धतीत तो डिस्कचा पहिला ५१२ बाइटांचा तुकडा वाचून कारभार त्याच्या हाती देतो. या क्रमात डिस्कच्या आधी पेनड्राईव्हचे नाव घातले की यंत्र बाहेरच्या प्रणालीवर उठते. आतील डिस्कला हातही लागत नाही.

यात नवे काही नाही. १९८१ साली आय.बी.एम.चा पी.सी. आला तेव्हा त्यात हार्डडिस्क नव्हतीच. सव्वापाच इंची फ्लॉपी घालूनच डॉस सुरू करीत. त्याच वाटेने रोगही आला. १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला 'ब्रेन' हा विषाणू फ्लॉपीच्या त्या पहिल्या तुकड्यातच बसून गावोगाव गेला. पुढे सीडी आल्या. २००० साली जर्मनीच्या क्लाउस क्नॉपर यांनी 'नॉपिक्स' काढले. एका सीडीवर अख्खी लिनक्स प्रणाली, तीही न बसविता चालणारी. आपल्याकडे सी-डॅकने २००७ मध्ये 'बॉस' ही लिनक्स प्रणाली दिली. तीत मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांची सोय आहे, हे आपल्या सीमाभागाला विशेष सोयीचे.

आमच्या मदतीला आला तो चिक्कोडीकडील माझा कन्नड वर्गमित्र. त्याने दुसऱ्या संगणकावर लिनक्सची आय.एस.ओ. फाईल उतरवून ८ जी.बी.च्या पेनड्राईव्हवर घातली. येथे बहुतेकजण चुकतात. ती फाईल नुसती पेनड्राईव्हवर कॉपी करून भागत नाही. रुफससारख्या कार्यक्रमाने ती उलगडून लिहावी लागते, आणि तसे करताना पेनड्राईव्हवरील जुने सर्व जाते. मग संगणक सुरू होताच एफ-१२ कळ दाबली (काही यंत्रांत एफ-९ किंवा एस्केप असते) व यादीतून पेनड्राईव्ह निवडला.

काकांनी विचारले, "बाळ, ह्यात माझं काही पुसलं जाणार नाही ना?"

"एनू आगल्ला, काका," तो म्हणाला. काही होणार नाही.

पडद्यावर दोन पर्याय आले: 'वापरून पाहा' आणि 'बसवा'. दुसरा निवडला असता तर जुनी डिस्क पुसली जाण्याचा धोका होता. आम्ही पहिला घेतला. प्रणाली स्मृतीतच चालू लागली, आतील डिस्क एखाद्या कपाटासारखी उघडली, आणि खात्यांची फाईल दिसली. ती बाहेरच्या डिस्कवर उतरविण्यास वीस मिनिटेही लागली नाहीत.

ही युक्ती सर्वत्र चालेलच असे नाही. डिस्कच यांत्रिकरीत्या मोडली असेल तर पेनड्राईव्ह काय करणार? नव्या यंत्रांत 'सिक्युअर बूट' हा पहारेकरी असतो, तो सहीशिक्क्याविना आलेली प्रणाली अडवितो. बिटलॉकरने कुलूपबंद केलेल्या डिस्कला ४८ अंकी किल्ली लागते, ती आधीच वहीत टिपून ठेवावी. हे कुलूप नसेल तर मात्र कोणीही परका पेनड्राईव्ह लावून आपल्या फाईली वाचू शकतो, याचाही विचार करावा.

काकांनी नवी डिस्क बसवून घेतली. आता दर शनिवारी दुकान बंद झाल्यावर ते मला फोन करून विचारतात, "प्रत काढलीस का?"