नळाखालचा डबा आणि पृथ्वीचे हवामान

पत्र्याचा एक उंच रिकामा डबा घ्या. तळाजवळ, एकाच उंचीवर, खिळ्याने तीन सारखी भोके पाडा आणि डबा नळाच्या बारीक धारेखाली ठेवा. पाणी चढू लागेल. पातळी वाढेल तशा भोकांतून पडणाऱ्या धारा जोरकस होतील. जितके पाणी वरून येते तितकेच खालून जाऊ लागले, की पातळी एका खुणेवर थांबेल. डब्याच्या पावपट उंचीवर ती थांबावी, अशा बेताने धार ठेवा. आता वर्गाला विचारा : डब्यातले पाणी स्थिर आहे का? पातळी स्थिर आहे, पण पाणी क्षणोक्षणी बदलते आहे. नळ बंद केला तर पाणी भोकांपर्यंत उतरेल आणि मग खऱ्या अर्थाने सारे शांत होईल.

नळ बंद झाल्यानंतरची शांत अवस्था म्हणजे समतोल. नळ चालू असतानाची अवस्था म्हणजे प्रवाहाने टिकवून धरलेली स्थायी अवस्था. शाळेत शिकवली जाणारी उष्णतेची गणिते बहुधा समतोलाची असतात. पृथ्वीचे हवामान मात्र दुसऱ्या प्रकारात मोडते. म्हणून ते समजून घेण्यासाठी आम्हा संशोधकांना असमतोलाच्या भौतिकीकडे वळावे लागते.

थोडे आकडे पाहू. सूर्याकडे तोंड केलेल्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १३६१ वॅट ऊर्जा पडते. पृथ्वी गोल आहे आणि तिच्या अर्ध्या भागावर रात्र असते, त्यामुळे साऱ्या पृष्ठभागाची सरासरी याच्या एक चतुर्थांश, म्हणजे ३४० वॅट येते. त्यातले सुमारे ३० टक्के ढग, बर्फ, वाळवंटे परत फेकतात. उरलेले २४० वॅट पृथ्वी शोषते आणि जवळजवळ तितकेच अवरक्त किरणांच्या रूपाने अवकाशात सोडते. केवळ एवढ्या हिशेबाने पृथ्वीचे तापमान उणे १८ अंश सेल्सिअस निघते. प्रत्यक्षात पृष्ठभागाचे सरासरी तापमान अधिक १५ अंशांच्या आसपास आहे. हा फरक पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड यांसारख्या वायूंमुळे पडतो. डब्याच्या भाषेत, हे वायू भोक अरुंद करतात. तितकेच पाणी बाहेर जायचे तर पातळी उंच हवी.

येणारी आणि जाणारी ऊर्जा सारखीच, मग पृथ्वीला मिळाले काय? सूर्यप्रकाशाचा एक फोटॉन येतो, त्याच्या बदल्यात अवरक्त किरणांचे सुमारे वीस फोटॉन बाहेर पडतात. एकवटलेली ऊर्जा विखुरली जाते आणि या विखुरण्याच्या वाटेवर वारे, सागरी प्रवाह व पाऊस घडतात. विषुववृत्ताला उष्णता जास्त मिळते, ध्रुवांना कमी. हा भेद मिटवण्याची धडपड म्हणजेच वारे. जमीन आणि समुद्र यांच्या तापण्यातला भेद नसता तर आपला मोसमी पाऊसही नसता.

अशा व्यवस्थांचा एक गुण मात्र धोक्याचा आहे. प्रवाह तोच असूनही त्यांना एकाहून अधिक स्थायी अवस्था असू शकतात. १९६९ साली सोव्हिएत संघात बुडिको आणि अमेरिकेत सेलर्स यांनी स्वतंत्रपणे हे गणिताने दाखवले. बर्फ वाढले की सूर्यप्रकाश जास्त परावर्तित होतो, त्याने थंडी वाढते आणि बर्फ आणखी वाढते. त्यांच्या साध्या समीकरणांत सूर्यप्रकाश जेमतेम दोन टक्क्यांनी कमी करताच सारी पृथ्वी गोठली! नंतरच्या तपशीलवार गणितांत हा आकडा मोठा निघाला, पण उडीचे स्वरूप कायम राहिले. सुमारे ७२ ते ६३ कोटी वर्षांपूर्वीच्या काळात विषुववृत्ताजवळही हिमनद्या होत्या, याच्या खुणा खडकांत सापडल्या आहेत.

फुगीर पत्र्याचे झाकण अंगठ्याने हळूहळू दाबून पाहा. बराच वेळ ते थोडे थोडे वाकते, मग टक्कन आत जाते. अंगठा काढला तरी ते बाहेर येत नाही, मागून दाबावे लागते. ग्रीनलंडचे हिमस्तर असेच आहेत. वितळून त्यांची उंची घटली की माथा खालच्या, अधिक उबदार हवेत येतो आणि वितळणे वाढते. एक उंबरठा ओलांडल्यावर तापमान थोडे खाली आणून ते बर्फ परत मिळणार नाही.

औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० रेणू होते. आज ते ४२० च्या वर आहेत. भोक अरुंद झाले आहे. येणाऱ्या आणि जाणाऱ्या ऊर्जेत अलीकडच्या वर्षांत दर चौरस मीटरमागे सुमारे एक वॅटचा फरक पडला आहे. एक वॅट ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण तो साऱ्या पृष्ठभागावर, रात्रंदिवस साठतो आहे. त्याचा सुमारे ९० टक्के भाग समुद्र पोटात घेतो.

आता पुन्हा डब्याकडे वळू. पातळी स्थिर असताना तीनपैकी एक भोक आगकाडीने बंद करा. दर अर्ध्या मिनिटाला पातळी मोजून विद्यार्थ्यांना आलेख काढू द्या. मग विचारा : भोक बंद केले केव्हा, आणि पातळी वाढायची थांबली केव्हा? हवेतले वायू आज आहेत तिथे रोखले तरी तापमान आणखी काही काळ का चढत राहील, याचे उत्तर त्या दोन वेळांमधल्या अंतरात आहे. रोखायला उशीर का करू नये, याचेही.