‘औषध’ आणि त्यावरील उतारा

वेंगुर्ल्याच्या परिसरात आंब्याला मोहोर आला, की तुडतुड्यांच्या बंदोबस्तासाठी कलमांवर ‘औषध मारण्यास’ आरंभ होतो. रोग्यास देतात तेही औषध आणि झाडावर मारतात तेही औषध, असा मराठीचा व्यवहार आहे. शब्दाच्या या सौम्यपणामुळे अंगावर पडणाऱ्या तुषारांचे भय उणावते. कीटकनाशकांतील सेंद्रिय फॉस्फरस वर्गाचे कुळ मात्र सौम्य नव्हे. १९३६ मध्ये जर्मनीत गेरहार्ट श्राडर यांना कीटकनाशक शोधीत असतानाच टाबून हे युद्धविष गवसले.

या वर्गातील विषे ॲसिटिलकोलीनचे विघटन करणाऱ्या विकरास निकामी करतात. परिणामी लाळ व घाम वाहू लागतो, बाहुल्या आकुंचन पावतात, स्नायू फुरफुरतात, फुप्फुसांत स्राव साचतो आणि अखेर श्वसन थांबते.

विष कातडीवर आहे तोवर ते शरीरात शिरतच राहते. म्हणून कपडे तत्काळ उतरवून अंग व केस साबण-पाण्याने धुणे, हा उपचाराचाच पहिला भाग होय. शुश्रूषा करणाऱ्यानेही हातमोजे घालावेत. टोकियोतील १९९५ च्या सारिन-हल्ल्यात रुग्णांच्या कपड्यांतील वाफेने इस्पितळातील सेवकवर्गासही बाधा झाली होती.

मुख्य उतारा ॲट्रोपीन हा होय. बाहुल्या रुंदावल्या एवढ्यावर वैद्याने थांबावयाचे नसते. छातीतील स्राव आटेपर्यंत मात्रा देत राहावयाची असते. जोडीला प्राणवायू, जरूर तर कृत्रिम श्वसन आणि झटक्यांवर डायझेपाम. प्रॅलिडॉक्सिम विकरास मुक्त करते, परंतु विषाची पकड कायमची होण्यापूर्वीच. सोमानच्या बाबतीत हा अवधी काही मिनिटांचाच असतो. बारामती येथील २०० रुग्णांवरील प्रयोगात (२००६) प्रॅलिडॉक्सिम सतत शिरेतून दिलेल्या गटात मृत्यूचे प्रमाण शेकडा १, तर थांबून थांबून दिलेल्या गटात शेकडा ८ आढळले. उलट, श्रीलंकेतील प्रयोगात (२००९) त्याचा लाभ दिसला नाही. त्यामुळे त्याच्या प्रतीक्षेत धुणे, ॲट्रोपीन व श्वसन यांत खंड पडू देणे योग्य नव्हे.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ‘औषध बाधले’ एवढ्याने वैद्यास विषाचा वर्ग कळत नाही, आणि सर्व वर्गांचा उतारा एकच नसतो. तो वेष्टनावर छापलेला असतो. रुग्णासोबत ते वेष्टनही इस्पितळात पोहोचले पाहिजे.